कर्जासोबत आलेली ई अँड एस तपासणी: कळमेश्वरच्या एका संत्रा युनिटचा रिव्ह्यू

बँकेच्या प्रोजेक्ट लोनसोबत जी एन्व्हायर्नमेंट आणि सोशल तपासणी करून घ्यावी लागते, जिला सगळे ई अँड एस ड्यू डिलिजन्स म्हणतात, तिच्याबद्दल मराठीत धड अनुभव कुठे वाचायलाच मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नागपूरहून कळमेश्वरच्या पुढे आमचं संत्रा प्रोसेसिंग आणि कोल्ड स्टोरेजचं युनिट आहे, घरचा धंदा, फायनान्स आणि बँकेचं सगळं मी बघते. प्रोजेक्ट १६ कोटींचा, त्यात टर्म लोन ११ कोटी. बँकेचं आणि कन्सल्टंटचं नाव टाकत नाही, कारण बहुतेक बँकांचं पॅनेल आणि पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि मला सर्व्हिसबद्दल बोलायचंय.

आधी रेटिंग. साईटवर आलेल्या दुसऱ्या टीमला पाचपैकी साडेचार. बँकेच्या हेड ऑफिसमधल्या ई अँड एस सेलला चार. डिसबर्समेंट, म्हणजे कर्जाचा पैसा हातात पडणं, झाल्यानंतरच्या फॉलोअपला दोन. आणि जी पहिली कन्सल्टंट फर्म दिली होती तिला शून्य, त्याचं कारण पुढे येतंच.

ही भानगड काय आहे ते थोडक्यात. टीईव्ही रिपोर्ट (प्रोजेक्ट तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या चालेल का याचा), व्हॅल्युएशन, लीगल सर्च हे तर प्रत्येक टर्म लोनला होतं. त्याच्या जोडीला ही तपासणी, की तुमच्या प्रोजेक्टमुळे पाणी, हवा, जमीन, कामगार, आजूबाजूचं गाव यांना काय धोका आहे आणि उलट त्या सगळ्यांमुळे तुमच्या प्रोजेक्टला काय धोका आहे. हा दुसरा भाग लोक विसरतात. काम कोर्टात अडकलं, प्रदूषण बोर्डाने नोटीस लावली, गावाने रस्ता अडवला तर हप्ता कुठून येणार ही बँकेची चिंता, आणि कर्ज घेणाऱ्याला ती बँकेपेक्षा जास्त असायला पाहिजे कारण घर आपलं गहाण पडलेलं असतं.

आता एवढ्याशा लोनला हे कुठून आलं? मोठ्या बँकांनी २००३ मध्ये स्वतःहून स्वीकारलेली इक्वेटर प्रिन्सिपल्स, म्हणजे असल्याच तपासणीची तत्त्वं आहेत, पण ती प्रोजेक्ट फायनान्समध्ये १ कोटी डॉलर आणि त्याच्या वरच्या प्रोजेक्टला लागतात, आम्ही त्याच्या कितीतरी खाली. पण आमच्या बँकेने एका परदेशी विकास संस्थेकडून लाईन, म्हणजे पुढे कर्ज म्हणून द्यायला पैसा घेतलेला आहे, आणि त्या पैशातून कर्ज दिलं की त्या संस्थेच्या अटी झिरपत झिरपत आमच्या गेटपर्यंत येतात. या अटी आयएफसीच्या परफॉर्मन्स स्टँडर्ड्सवर बेतलेल्या. आयएफसी म्हणजे वर्ल्ड बँक ग्रुपमधली खाजगी उद्योगांना कर्ज देणारी संस्था, तिचे आठ स्टँडर्ड आहेत, सध्याचे २०१२ पासूनचे: धोक्याचं मूल्यमापन, कामगार, पाणी-वीज-प्रदूषण, गावाचं आरोग्य आणि सुरक्षा, जमीन आणि विस्थापन, जैवविविधता, आदिवासी समाज, सांस्कृतिक वारसा. प्रोजेक्टला ए, बी किंवा सी कॅटेगरी देतात, ए म्हणजे सगळ्यात जास्त धोका. आम्ही बी मध्ये. आपल्या नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचे १३ कोटी युरो आले तेव्हा तिथेही पैशासोबत असल्या अटी आल्याच, फक्त मेट्रोत बसताना आपल्याला त्या दिसत नाहीत.

आणि हे फक्त परदेशी पैशापुरतं राहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००७ मध्येच सर्क्युलर काढून बँकांना या विषयात लक्ष घालायला सांगितलं होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रोजेक्ट फायनान्सचे जे नवे नियम लागू झाले त्यात फायनान्शियल क्लोजरच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या पैशाची सोय पक्की होण्याच्या, आधी पर्यावरणासकट लागणाऱ्या सगळ्या मंजुऱ्या हातात पाहिजेत असं स्पष्ट आहे, शिवाय जमीनसुद्धा पीपीपीतल्या (सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीतल्या) इन्फ्रा प्रोजेक्टला निदान ५० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के उपलब्ध पाहिजे, तेव्हाच पैसा सुटणार. म्हणजे आज जे मोठ्यांना विचारून राहिले ते उद्या आपल्याला विचारणार हे धरूनच चाला.

आपल्या आजूबाजूला उदाहरणं कमी नाहीत. नॅशनल हायवे ४४ चा मनसर ते खवासा हा पेंचच्या वाघांच्या जंगलातून जाणारा तुकडा किती वर्षं रखडला होता ते त्या रस्त्याने सिवनीला जाणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. शेवटी प्राण्यांसाठी नऊ स्ट्रक्चर बांधली, सगळ्यात लांब ७५० मीटरचं, आणि आज खालून वाघ जातात आणि वरून ट्रक. हेच डिझाईन पहिल्या दिवशी कागदावर असतं तर? दुसरं म्हणजे जुलै २०२२ मध्ये भर पावसात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल लोकांच्या शेतात आणि नाल्यात गेला. राखेचा तलाव हा इंजिनिअरिंगचा विषय वाटतो, पण शेजारी ज्याचं शेत आहे त्याच्यासाठी तो पोटापाण्याचा विषय आहे, आणि पैसा देणाऱ्याने हा प्रश्न शेजाऱ्याच्या बाजूने उभं राहून विचारला पाहिजे.

आमचे सासरे सुरुवातीला चांगलेच चिडले होते. म्हणाले, "हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, आपल्याच्यानं काहून करून घेऊन राहिले?" मला तेव्हा त्यांना मणिबेली सांगावं लागलं, आणि हे सगळ्यांनाच माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. सरदार सरोवराला वर्ल्ड बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. बुडितात जाणाऱ्या लोकांचं पुनर्वसन कसं होणार याचा धड अभ्यास त्या वेळी झालेला नव्हता. महाराष्ट्रातलं बुडितात येणारं पहिलं गाव अक्कलकुव्याचं मणिबेली, तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तिथल्या आदिवासींनी, नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी इतकी वर्षं हा विषय लावून धरला की बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती, तिचा रिपोर्ट १९९२ मध्ये आला आणि त्यात बँकेच्या स्वतःच्या कामावर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नाही म्हणून कळवलं, आणि त्याच वर्षी वर्ल्ड बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं, जिथे प्रकल्पामुळे नुकसान झालेले लोक थेट बँकेविरुद्ध तक्रार करू शकतात. आज जगभरातल्या बँका जे फॉर्म भरून घेतात त्यामागे सातपुड्यातल्या लोकांची लढाई आहे. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढे गावच्या प्रत्येक मीटिंगला ते स्वतः आले.

आता पहिली फर्म. बँकेच्या पॅनेलवरची, फी कमी, रिपोर्ट लवकर. त्यांचा माणूस आला, गेटवरून फोटो काढले, आमच्याकडून सीटीई म्हणजे एमपीसीबीचं (महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट टू एस्टॅब्लिश, उद्योग उभारायची परवानगी, सातबारा, लेआउट हे घेतलं आणि गेला. रिपोर्ट जाडजूड आला. त्यात लिहिलं होतं एक किलोमीटरच्या आत वस्ती नाही, आणि आमच्या पूर्वेच्या धुऱ्यावर उभं राहिलं की अंगणवाडीची निळी भिंत दिसते. जवळची नदी म्हणून जिचं नाव होतं ती दुसऱ्याच जिल्ह्यातली. कामगारांच्या भागात संत्रा सॉर्टिंगला सीझनला येणाऱ्या बायांचा शब्दही नव्हता. असा रिपोर्ट म्हणजे गाडी न बघता दिलेली पीयूसी. ब्रँचने तो तसाच पुढे पाठवला. हेड ऑफिसच्या सेलमधल्या मॅडमनी सॅटेलाइट नकाशा उघडला, वस्ती मोजली आणि रिपोर्ट परत लावला, दुसरी टीम नेमली. फी पुन्हा आम्हालाच भरावी लागली, पहिल्या फर्मचे पैसे बँकेने परत मिळवून दिले नाहीत, आणि हे मला अजिबात मान्य नाही. पॅनेल बँकेचं, तर पॅनेलवरच्या फर्मच्या कामाची जबाबदारीही बँकेचीच.

दुसऱ्या टीममध्ये एक एन्व्हायर्नमेंट इंजिनिअर होते, पन्नाशीचे, फूड प्रोसेसिंगमध्ये काम केलेले, आणि एक सोशलवाली मुलगी, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, मराठी व्यवस्थित बोलणारी. हे महत्त्वाचंय. तुमच्या टीममध्ये गावात बसून मराठीत बोलणारा माणूस नसेल तर सोशलचा भाग वाया गेला समजा.

त्या मुलीने आमच्या ऑफिसात बसून काहीच विचारलं नाही. ती सरळ गावात गेली, पारावर बसली, मग एका म्हाताऱ्या काकांसोबत आमच्या प्लॉटच्या कडेने चालत निघाली. मी मागे. पूर्वेकडच्या धुऱ्यापाशी काका थांबले आणि काठीने खाली दाखवलं, बैलगाडीच्या चाकोऱ्या, शेण, गवत दबलेलं. म्हणाले, "ताई, हा पांदण हाय. पलीकडल्या बगीचेवाल्यांचा माल इथूनच निंघते. तुमची भिंत आली तं आमच्या गाई कुठून जातीन?" आमची खरेदी एकदम स्वच्छ, सातबारा स्वच्छ, वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ, आणि आर्किटेक्टच्या लेआउटमध्ये कंपाउंड वॉल त्या पांदणावरून गेलेली. गाव नकाशा काढला तर त्यावर पांदण होता, तुटक रेषेत. लीगल सर्च करणारा मालकी बघतो, वहिवाट कोण बघणार? मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, त्याच्या कलम ५ खाली अडवलेला वहिवाटीचा रस्ता मोकळा करायचा आदेश तहसीलदार देऊ शकतो, म्हणजे भिंत बांधून झाल्यावर एक अर्ज पडला असता तर बांधलेली भिंत पाडावी लागली असती. भिंत आत घेतली, थोडी पट्टी गेली, पांदणावर मुरूम टाकून दिला. पुढे ग्रामपंचायतीकडे काम पडलं तेव्हा आम्हाला कोणी ताटकळत ठेवलं नाही.

त्याच फेरीत आणखी एक निघालं. आधीच्या मालकाने ती जमीन एका कुटुंबाला ठेक्याने दिली होती, त्यांचा कापूस उभा होता. कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही. आयएफसीचं पाचवं स्टँडर्ड राजीखुशीच्या खरेदीला तसं लागत नाही, पण कागद नसलेल्या माणसाला उठवायची वेळ येते तिथे ते लागू होतं, असं त्या मुलीने समजावून सांगितलं आणि रिपोर्टमध्ये साफ लिहिलं की शेवटची वेचणी होईपर्यंत लेव्हलिंग करू नका आणि पुढच्या हंगामाच्या नुकसानीचं बोलून घ्या. आम्ही बोललो. त्या घरातला मुलगा आता आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो.

इंजिनिअर साहेबांचा विषय वेगळाच. त्यांना संत्र्याच्या सालीत जास्त रस. ज्यूस काढल्यावर फळाच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं साल आणि चोथा म्हणून उरतं, आणि आमच्या ईटीपीवाल्याने, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट विकणाऱ्याने, सांगितलेलं की सगळं बायोगॅसमध्ये टाका, गॅसही मिळेल, कचराही संपेल, एकदम सुटसुटीत. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, सालीतलं तेल आधी काढणार का? कारण सालीच्या तेलात लिमोनीन असतं आणि ते बॅक्टेरियाला मारतं, डायजेस्टर सुरू होतो आणि काही दिवसांत बसतो, मग साल उघड्यावर पडते, सडते, आणि त्याचं आंबट काळं पाणी पहिल्या पावसात नाल्यात. नाला पुढे ज्यांच्या विहिरीजवळून जातो ते लोक आपल्याला काय म्हणणार. मग तेल काढायचं युनिट आधी घेतलं, राहिलेला चोथा वाळवून गुरांच्या खाद्याला जातो. खर्च वाढला पण सालीचं तेल विकलं जातं, तो हिशोब आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नव्हताच.

ईटीपीबद्दलही त्यांनी एक गोष्ट सांगितली जी विकणारा कधी सांगणार नाही. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च, मधल्या काळात प्लांट थंड. ईटीपीतले जिवाणू तेवढे दिवस उपाशी मरतात आणि सीझनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त घाण पाणी येतं तेव्हाच ईटीपी सगळ्यात कमजोर असतो. म्हणून इक्वलायझेशन टँक (कमीजास्त येणारं पाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारा) मोठा पाहिजे आणि सीझनच्या आधी शेण वगैरे टाकून ईटीपी तयार करून घ्यायचा, हे त्यांनी ॲक्शन प्लॅनमध्ये, म्हणजे आम्ही काय काय करायचं त्याच्या यादीत, तारखेसकट टाकलं. एमपीसीबीच्या कन्सेंटमध्ये पाण्याची मर्यादा लिहिलेली असते, तिथपर्यंत कसं पोचायचं ते कोण सांगतं? सिव्हिल लाईन्सच्या उद्योग भवनात आम्ही फाइल घेऊन कितीदा गेलो असू, तिथे हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही म्हणा.

आणि अमोनिया, कोल्ड स्टोरेज थंड ठेवणारा वायू. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी हा भाग नीट वाचा. लेआउटमध्ये मशीन रूम पूर्वेच्या भिंतीला लागून होती कारण तिथून लाईन आणणं स्वस्त पडत होतं. पूर्वेला अंगणवाडी. अमोनिया तसा हवेपेक्षा हलका, पण लिक्विड जोरात फुटलं तर थंड जड ढग होतो आणि जमिनीलगत पसरतो, आणि डोळे, घसा, फुफ्फुस, आधी लहान पोरांची वाट लागते. साहेबांनी नागपूरचा वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो त्याचा नकाशा काढला, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा जास्त करून पश्चिमेच्या बाजूने, म्हणजे नेमका अंगणवाडीकडे. मशीन रूम पार लांबच्या कोपऱ्यात हलवली. डिटेक्टर, सायरन, पाण्याचे स्प्रे, टाकीवर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), बाहेर काढायचे दोन वेगळे रस्ते, आणि मॉक ड्रिलला अंगणवाडी सेविका आणि सरपंच या दोघींना बोलवायचंच अशी अट. ड्रिलमध्ये सेविकाताईंनी विचारलं की सायरन वाजला तर पोरांना घेऊन कुठल्या दिशेला पळू, आणि आमच्या सेफ्टीवाल्याने विंडसॉककडे बोट दाखवून सांगितलं, वारा जिकडे जातोय त्याच्या आडवं जायचं, ओलं फडकं तोंडाला लावून. आता अंगणवाडीच्या भिंतीवर ते चित्र लावलेलं आहे. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण फी पुन्हा भरेन.

कामगारांचं पटकन सांगते. बांधकामाला आलेले लोक बालाघाट, छिंदवाड्याकडचे, ठेकेदाराने आणलेले. टीमने त्यांच्याशी ठेकेदार समोर नसताना बोलणं केलं आणि पगार थकवल्याचं, बायांसाठी संडास नसल्याचं बाहेर आलं. पगार खात्यावर, पिण्याच्या पाण्याची टाकी, वेगळे संडास, वयाचा पुरावा बघूनच कामावर, हे सगळं ठेकेदाराच्या करारात टाकलं आणि बिल त्याच्याशी जोडलं. ठेकेदार कुरकुरला, पण केलं.

गेटवर तक्रारीचा नंबर मराठीत मोठ्या अक्षरात रंगवायला लावला आणि रजिस्टर ठेवायला लावलं. मला वाटलं होतं लोक उगाच फोन करतील. पहिली तक्रार आली ती ट्रकच्या धुळीची, रस्त्याकडेच्या शेतात कापूस फुटलेला आणि बोंडांवर धूळ बसून राहिली होती, असा कापूस व्यापारी लगेच कमी भावात मागतो. टँकरने पाणी मारणं सुरू केलं, विषय तिथेच मिटला. हा फोन लागला नसता तर तीच तक्रार रस्त्यावर ट्रक अडवून आली असती.

खर्चाचं बोलू. दुसऱ्या टीमची फी ३ लाख ८० हजार अधिक जीएसटी. ॲक्शन प्लॅनमधल्या सगळ्या गोष्टी धरून वरचा खर्च साधारण ४० लाख, म्हणजे प्रोजेक्टच्या अडीच टक्के. जड वाटतं, आमच्याकडेही त्यावरून बरीच चर्चा झाली. पण असा हिशोब करा: ११ कोटी पूर्ण उचललेले आहेत आणि व्याज साडेनऊ टक्के, तर प्लांट बंद असतानाही महिन्याला पावणेनऊ लाखांच्या आसपास व्याज चढतं. भिंत पाडणं, बोर्डाची क्लोजर नोटीस किंवा गावाचं आंदोलन यातल्या कशानेही पाच महिने गेले की ४० लाख उडाले, वर संत्र्याचा एक बहार हातचा जातो तो वेगळाच. बाकी मशिनरीवर आपण भावाची घासाघीस करतो, इथे करू नका, फक्त फी भरण्याआधी साईटवर नक्की कोण येणार त्यांची नावं आणि अनुभव लेखी मागा.

बँकेने एक गोष्ट चांगली केली, ती म्हणजे ॲक्शन प्लॅन सँक्शन लेटरला जोडला आणि त्यातल्या मुख्य गोष्टी डिसबर्समेंटच्या टप्प्यांशी बांधल्या. मशीन रूम हलवल्याचं ड्रॉइंग आल्याशिवाय दुसरा टप्पा नाही, डिटेक्टर बसवून चालू करून दाखवल्याशिवाय शेवटचा नाही. त्यामुळे घरातही वाद संपले, कारण पैसा हवा तर काम करायचंच. रिपोर्टमध्ये फक्त शिफारस म्हणून लिहिलेलं असतं तर यातलं अर्धं आजही पेंडिंग असतं, हे मी आजूबाजूच्या युनिट्सकडे बघून सांगते.

काय आवडलं नाही तेही सांगायला पाहिजे. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. ज्या गावाबद्दल तो आहे त्या गावातल्या कोणाला तो वाचता येत नाही. आयएफसीच्याच नियमांत आहे की लोकांना समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, तरी मला मागे लागून दोन पानांचा मराठी सारांश करून घ्यावा लागला, तो ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावला आणि लोकांनी उभं राहून वाचला. हे मागावं लागू नये. शिवाय त्यांची एक्सेल शीट भलीमोठी, मोठ्या धरणाला आणि आमच्या कोल्ड स्टोरेजला तेच प्रश्न. छोट्या उद्योगासाठी वेगळी शीट करा, उत्तरं खरी मिळतील.

आणि खरा राग डिसबर्समेंटनंतरच्या गोष्टीचा आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही मॉनिटरिंग रिपोर्ट पाठवतो, पाण्याचे लॅब रिपोर्ट, तक्रार रजिस्टरची कॉपी, ड्रिलचे फोटो, सगळं. उत्तर येत नाही. ब्रँचमधले साहेब बदलून गेले, नवीन आले त्यांनी विचारलं ईएसएपी म्हणजे काय, म्हणजे तोच ॲक्शन प्लॅन. मला त्यांना दोष द्यायचा नाही, त्यांना कोणी शिकवलेलंच नाही, एनपीए आणि टार्गेटच्या मीटिंगमधून त्यांना वेळ कुठे आहे. पण मग आमच्यासारखा जो नीट करतो आणि जो रात्री नाल्यात पाणी सोडतो ते दोघं बँकेच्या कागदावर सारखेच. पैसा देताना इतकं बारकाईने बघायचं आणि दिल्यावर साईटकडे ढुंकूनही बघायचं नाही, याने बँकेचाच धोका वाढतो, कारण प्रदूषण होतं ते प्लांट चालू झाल्यावर. वर्षातून एकदा न सांगता माणूस पाठवा, ईटीपीच्या आउटलेटला बाटली लावून सॅम्पल घ्या, अंगणवाडीत जाऊन सेविकाताईंना विचारा सायरन ऐकू येतो का, एवढं पुरे आहे.

मुंद्र्याच्या केसमधून तरी बँकांनी हे शिकायला पाहिजे. गुजरातमध्ये ४००० मेगावॅटच्या कोळशाच्या वीज प्रकल्पाला आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते, स्टँडर्ड होते, ॲक्शन प्लॅन होता, तरी तिथल्या मच्छीमारांची तक्रार की आमचं पाणी, आमची मासळी गेली आणि पैसा देणाऱ्याने लक्ष ठेवलं नाही. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. कागद किती चांगला होता हे त्या मच्छीमारांना काय कामाचं होतं?

कोणी घ्यावी: ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये सांडपाणी आहे, अमोनिया किंवा बॉयलर आहे, बाहेरचे कामगार आहेत किंवा गावालगत नवीन जमीन आहे त्यांनी बँकेने मागितली नाही तरी करून घ्यावी, निदान साईटची पाहणी आणि गावातलं बोलणं एवढं तरी. काटोल-नरखेड पट्ट्यात बोअर किती खोल गेल्यात ते सगळे जाणतात, तिथे पाणी लागणारा धंदा टाकत असाल तर नक्कीच. आणि लेआउट फायनल व्हायच्या आधी करा, फाउंडेशन भरल्यावर मशीन रूम हलत नाही.

आमचा पुढचा सहामाही रिपोर्ट मार्चमध्ये मृग बहाराचं काम चालू असताना जाईल. त्यासोबत हेड ऑफिसच्या सेलला पत्र देतेय की या वेळी साईटवर माणूस पाठवा आणि ब्रँचच्या साहेबांनाही सोबत आणा. आले की फॉलोअपचं रेटिंग बदलून इथेच लिहीन.